आईच्या राजाराणीची जागा

अन्याय माझ्या आईवर झाला. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात, घटस्थापनेच्या सकाळी झाला, आणि पुढं अठरा वर्षं दर नवरात्रात होत राहिला. मला त्याचा पत्ता लागला तेव्हा मी पी.यू.सी.ला, म्हणजे बारावीला होते.

म्हैसूरला नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. आम्ही घरात मराठी बोलणारे, पण या बाबतीत पक्के इथले. सगळ्यात वरच्या पायरीचा मान लाकडी राजाराणीचा. ही जोडी मुलीला लग्नात तिची आई देते. आमच्याकडे वर आजीची, म्हणजे बाबांच्या आईची जोडी बसायची.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाहुल्या काढायला मी माळ्यावर चढले, तर मागं आणखी एक पत्र्याचा डबा. आत जुन्या धोतरात गुंडाळलेले राजाराणी. रंग अगदी कोरा.

"आई, ही जोडी कुणाची?"

"माझी. ठेव परत."

"मग वर का नाही मांडत?"

"एकच जोडी मावते तिथं. सुम्ने बस गं, कामं पडलीत."

मी कॉलेजच्या फाटकाशी पत्रकं वाटणारी. गप्प बसणं जमणार कसं? वहीचं पान फाडलं, लाल शाईनं लिहिलं, 'सुनेच्या बाहुल्या कोंडणाऱ्या सासूशाहीचा धिक्कार असो!' आणि देवघराच्या दाराला चिकटवलं.

आजीनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"सासूशाही म्हणजे मी का?"

"हो."

"अय्यो! मला वाटलं, तुझी आई ती जोडी तुझ्या लग्नासाठी राखून ठेवतेय. मी कशी मागू?" मग स्वयंपाकघराकडे वळून, "काय गं, एकदा तरी बोललीस?"

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "तुम्ही तरी 'आण' म्हणालात? तुमच्या शेजारी माझी मांडायची म्हणजे बरोबरी केल्यासारखं."

अठरा वर्षं दोघी एकमेकींचा मान राखत बसल्या होत्या! माझं पत्रक वाया गेलं याचा मला रागच आला, खरं सांगते. पण कुणी मुद्दाम केला नाही म्हणून अन्याय कमी होत नाही. आईची ती नवरात्रं गेली ती गेलीच.

सकाळी पायऱ्या रचून आजीची जोडी वर बसली, तेव्हा बाबांनी टेप आणून ती पायरी मोजली. "चार बोटं कमी पडतात. पुढच्या वर्षी रुंद फळी करून घेऊ."

"पुढच्या वर्षी तूच बैस वर!" म्हणत आजीनं दोन्ही कडांच्या पितळी फुलदाण्या खाली उतरवल्या आणि आपले राजाराणी सरकवले. नंजनगूडच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौघं बसतात, तशा दोन्ही जोड्या दाटीवाटीनं बसल्या. आईनं जुन्या ब्लाऊजचा जरीकाठ कापून आपल्या राणीला नेसवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. आई प्रत्येकीला हाताला धरून पायऱ्यांपाशी नेई. "ती उजवीकडची. आमच्या आईनं दिलेली."

"पुरे गं," आजी म्हणाली, "त्यांना तिसऱ्यांदा सांगतेयस!"

"सांगणार," आई म्हणाली आणि चौथ्यांदा सांगितलं. इतक्या मोठ्यानं हसताना मी तिला क्वचितच पाहिलं होतं.

आता तुम्ही. 'आमच्याकडे कुणी कुणाला अडवत नाही' हे मला ऐकवू नका, आमच्याकडेही कुणी अडवलं नव्हतं. आज जेवायला बसण्याआधी आपल्या आईला विचारा, माहेराहून काय आणलं होतंस आणि ते कुठं आहे? ती 'जाऊ दे' म्हणेल. जाऊ देऊ नका.