आवाजाची सोय

शिरपूरकडच्या आमच्या गावात शाळेच्या समितीवर एक बाई लागत होती, म्हणून मला घेतलं. मी चौथी शिकलेली. शाळेला मोठा टीव्ही मिळाला तेव्हा त्याच्या बैठकीला मी होते. सगळा वेळ आवाजावरच गेला. स्पीकर कुठल्या भिंतीला लावायचे, मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल का, वीज गेली तर इन्व्हर्टर टीव्ही आणि स्पीकर दोन्ही ओढेल का. मला ते पटलं होतं. ऐकू आलं नाही तर टीव्ही काय कामाचा.

मग वर्गाच्या मॅडमनी मुलांना घरातलं एकेक काम मोबाइलवर चित्रित करून आणायला सांगितलं. माझ्या नातीने माझे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घेतले. उकळत्या पाण्यात पीठ वैरता वैरता मी आमच्या बोलीत सांगत होते, "बठ्ठं पीठ एकदम टाकानं नही, गाठी व्हतस." अख्ख्या वर्गाला माझं बोलणं ऐकवायचं, एवढंच पोरीच्या डोक्यात.

मोठे साहेब शाळा बघायला येणार होते. आदल्या दिवशी समितीला सगळं दाखवलं. टीव्हीवर माझे हात हलत होते, तोंड हलत होतं आणि वर सनई वाजत होती.

"माझं बोलणं कुठे गेलं?" मी विचारलं.

"अक्का, साहेबांसमोर प्रमाण भाषा हवी," मॅडम म्हणाल्या. "मुलांवर तसे संस्कार होतात."

"साहेब बिबडे खात नाहीत का?"

"खातस ना," शेजारी बसलेले समितीतले आबा म्हणाले, "पन मुकाट्यानं."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. त्या दोंडाईच्याच्या, म्हणजे आमच्याच बोलीच्या. खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "माय, मी शाळामा शे. मंग फोन करस." फोन ठेवला, वळल्या आणि पुन्हा आम्हाला संस्कार सांगू लागल्या. मला किळस आली. आईशी बोलायची भाषा पोरांपुढे लपवायची आणि वर शिकवायचं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवल्या म्हणे.

पुढच्या आठवड्यात नात मोबाइल घेऊन आली. आता शेवया हव्या होत्या. "आजी, तू बोलू नकोस हं. नुसते हात दाखव." तेही मॅडमच्या प्रमाण भाषेत.

मी परातीवर फडकं टाकलं आणि उठले. मुकी आजी पाहिजे असेल तर दुसऱ्या घरी शोध, म्हटलं. ती रडली. मी समजूत काढली नाही.