दादाच्या भिंतीला टेकवलेला वुफर

मी स्पीकरसाठी प्लायवूडचा पहिला खोका करायला घेतला तेव्हा बायकोने विचारलं, "हे नक्की कशासाठी?" मी म्हटलं, "खालचे सूर नीट ऐकू यावेत म्हणून." हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागला. खोका दादाच्या भिंतीला टेकवायचा आणि इतक्या जोरात वाजवायचा, की त्याने निदान भांडायला तरी यावं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पारनेरजवळच्या आमच्या गावात वडिलांच्या घराचे आम्ही दोन भाग केले, मधोमध भिंत घातली, आणि भिंत आपल्याच बाजूला वीतभर सरकली असं आम्हा दोघांनाही वाटलं. भिंत एकच, ती दोन्हीकडे कशी सरकेल, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच असलं तर तो त्याच्या म्हशीला सांगतो, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "म्हशे, लोकांनी इहिरीवरची मोटार बंद करायला इसरू न्हाई." म्हैस ऐकून घेते. मी उठतो आणि मोटार बंद करून येतो.

वहिनी आणि माझी बायको मात्र दिवसातून दहादा बोलतात. आमच्या अबोल्याची त्यांना भारी गंमत वाटते. मला वाटत नव्हती. मला दादाशिवाय करमत नाही, हे सरळ सांगून टाकतो. सुप्याच्या एमआयडीसीतून कामावरून घरी येताना आज काय काय झालं ते मी मनात त्यालाच सांगत यायचो, आणि दारात आल्यावर त्याने मान वळवली की सगळं तसंच पोटात राहायचं.

वुफरचं, म्हणजे खोल आवाजाच्या मोठ्या स्पीकरचं, वेड मात्र जुनं. आमच्याकडे माठावर स्पीकर उपडा ठेवून घुमारा काढायची पद्धत होती, त्यात आईचे किती माठ गेले विचारू नका. आता मोबाईलवर जगभरातली माणसं कपाटाएवढे खोके बनवताना दिसायला लागली आणि माझे हात शिवशिवायला लागले. नगरहून जाड प्लायची पानं टेम्पोत घालून आणली. मागच्या पडवीतून मोटरसायकल आणि फवारणीचा पंप बाहेर काढला आणि तिथे कारखाना थाटला.

काय सांगू त्या दिवसांची मजा! कटर मशीन फिरायला लागलं की पडवीभर भुसा उडायचा. बायकोने वाळत घातलेल्या कुरडया तांबूस दिसायला लागल्या. माझ्या भुवयांत भुसा, चहात भुसा, भाकरीतही भुसा. ती म्हणायची, "अहो, आता तुम्हाला वेगळा चारा नको." मी हसायचो आणि पुढची फळी कापायचो. फळीला गम लावायचा, खिळे मारायचे, क्लॅम्प आवळायचे, आणि गम वाळेपर्यंत शेजारी बसून नुसतं बघत राहायचं. गम वाळताना बघण्यात एवढं सुख असतं हे मला आधी माहीत नव्हतं.

गावाला वाटलं मी डीजे काढतोय. येणारा-जाणारा पडवीत डोकावून विचारायचा, "हळदीला मिळंल का?" भिंतीपलीकडून दादाचं म्हशीशी बोलणंही वाढलं. "म्हशे, लोकं कपाटं करत्यात आन् दारं लावायचं इसरत्यात." ते ऐकून मला इतका आनंद झाला की कटर बाजूला ठेवून मी पडवीत एक गिरकी घेतली. म्हणजे तो बघत होता.

आता खोक्याचं थोडं सांगावं लागेल. पुढच्या फळीला मोठं गोल भोक, त्यात वुफर बसतो. त्याच्या खाली एक लांबट खाच ठेवायची. वुफर हलला की आतली हवा त्या खाचेतून जोरात ये-जा करते आणि आवाज आणखी खोल उतरतो. आत आडव्या पट्ट्या मारायच्या, नाहीतर फळ्याच थरथरतात. आणि आत हवा नेमकी किती मावते यावर सगळा खेळ. मी ते गणित करायला बसलो. पट्ट्यांची जागा वजा, खाचेची जागा वजा, वुफरच्या चुंबकाची वजा. दर वेळी वेगळंच उत्तर. शेवटी मला वाटलं, मोजूनच टाकू. ज्वारीने.

ही अक्कल माझीच. बायकोला त्यात ओढू नये.

"ज्वारी?" ती म्हणाली. "खायची ज्वारी?"

"मग? न खायची ज्वारी कुठे असते?"

खोका उताणा पाडला, खाचेत जुनं पोतं कोंबलं, आणि वरच्या गोल भोकातून ज्वारी ओतायला सुरुवात केली. प्रत्येक डबा ओतला की बायको मोठ्याने आकडा म्हणायची आणि मी मध्येच काहीतरी बोलून तिला चुकवायचो. आमची कोठी रिकामी झाली. खोका काही भरेना. तळाशी जाऊन ज्वारी नुसती पसरली होती. अर्ध्यावर सोडावं तर सगळी मेहनत पाण्यात.

बायको भिंतीच्या टोकाला गेली. "जाऊबाई, थोडी ज्वारी द्या ना. लगेच परत देते."

वहिनींनी कशाला ते विचारलं, ऐकलं, आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. दादा रानात होता. मग त्या घमेली भरभरून आणायला लागल्या. "भाऊजी, ह्यांना कळू देऊ नका बरं. बोंब करत्याल." शेवटच्या घमेल्याला खोका काठोकाठ भरला आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. हवा हवी तितकीच होती! मी त्या खोक्याला मिठी मारली. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, भाऊजींना काय झालं!"

मग खोका वाकडातिकडा करून ज्वारी काढली, चाळली, दोन्ही घरांत वाटून घेतली. संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"म्हशे, माज्या बियान्याच्या मालदांडीला गमचा वास कसा काय येतोय?"

वहिनींनी घाईत बियाण्यासाठी निवडून ठेवलेलं पोतंच उपसलं होतं. ती मालदांडी ज्वारी दादाने एकेक कणीस बघून काढलेली. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मी खोक्याकडे. तो भांडायला यावा म्हणून मी एवढा उद्योग मांडला होता, पण बियाण्याला हात लावल्यावर जे भांडण होईल ते मला नको होतं. ते झालं असतं तर तो म्हशीलाही काही सांगेनासा झाला असता. पलीकडे वहिनींनी कसंबसं सावरलं असावं, कारण नंतर नुसती म्हशीची धार ऐकू आली.

रविवारी सकाळी खोका तयार झाला. पॉलिशला अजून बोट चिकटत होतं, पण मला कुठला धीर! वुफर बसवला, अ‍ॅम्प्लिफायर जोडला, आणि ठरवल्याप्रमाणे खोका घरात आणून दादाच्या भिंतीला टेकवला. बायकोने त्याला कुंकू लावलं. मी मोबाईलवर एकच खोल सूर लावला.

आतून खळखळ असा आवाज आला. मी कमी केला, वाढवला, खोक्यावर हात ठेवला, कान लावला. खिळा सैल असेल, पट्टी सुटली असेल. बायको म्हणाली, "पट्ट्यांमागे काही राहिलंय का?" मी म्हटलं, "छे! सगळं काढलंय." आणि आवाज आणखी वाढवला.

खाचेतून ज्वारी सुटली. मूठभर, मग आणखी मूठभर. बायकोच्या नडग्यांवर, मांडणीवरच्या पेल्यांवर, उंबऱ्यावर, थेट बाहेर ओट्यावर. पेले तडतडले. बायको "अहो, बंद करा!" असं ओरडली आणि मी बंद करायच्या ऐवजी हसायला लागलो; शेवटी तिनेच मोबाईल उचलून सूर बंद केला. आणि दारातून दादाच्या सगळ्या कोंबड्या आत आल्या.

त्यांच्या मागे दादा.

तो उंबऱ्यावरच थांबला. भिंत झाल्यापासून त्याने माझा उंबरा ओलांडला नव्हता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "कोंबड्यांनो, चला भायेर. लोकाच्या घरात असं शिरू न्हाई." पण कोंबड्या म्हशीसारख्या नाहीत, त्या कुणाचं ऐकत नाहीत. दादा वाकला आणि त्याने उंबऱ्यावरचा एक दाणा उचलला. डोळ्यांजवळ धरला. "ही तर माजी मालदांडी," तो कोंबडीला म्हणाला. मग एकेक दाणा बघत तो आत आला, खोक्यापाशी गुडघ्यावर बसला आणि खाचेला तोंड लावून आत बघायला लागला.

त्याच क्षणी बायकोचं बोट मोबाईलला लागलं. ती म्हणते चुकून. मला अजून शंका आहे.

दादाची टोपी मागे उडाली. मिशीत ज्वारी अडकली. मी डोळे मिटले. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. आणि दादा हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग मांडी घालून जमिनीवरच बसला आणि हसत राहिला. कोंबड्या त्याच्या मांडीवरचे दाणे टिपायला लागल्या.

"बारक्या," तो म्हणाला, "हे तू केलंस व्हय रं?"

त्याने ना कोंबडीला विचारलं, ना म्हशीला. माझ्याकडे बघून विचारलं. मी मान हलवली आणि त्याच्या मिशीतला दाणा काढला.

मग मी मोबाईलवर संबळाचा ठेका लावला. खोका घुमला आणि घर भरून गेलं. दादाने भिंतीवर तळहात ठेवला, तसाच उठून पळत त्याच्या घरात गेला आणि तिकडून ओरडला, "इकडं तर लईच भारी वाजतंय!" पुन्हा पळत आला. त्याचं वय विचारात घेता एवढं पळणं बरं नव्हतं, पण सांगणार कोण? पडवीत दुसरा खोकाही होत आला होता. बायकोने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "दुसरा घरात येणार नाही. मग मी कुठे राहू?"

मी दादाला समजावून सांगितलं, की इतका खोल आवाज कुठून येतोय ते कानाला कळतच नाही, खोका कुठेही ठेवला तरी चालतो.

"मंग माज्याकडं ठेव की."

"आणि वायर?"

दादा वळला. पडवीत गेला, न विचारता माझी ड्रिल मशीन उचलली, लांब वायरचा बोर्ड ओढत नेला आणि त्याच्या बाजूने भिंतीला भोक पाडायला लागला. ती भिंत त्याने स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, विटा निवडून, ओळंबा लावून. मी या बाजूला उभा राहिलो. आधी गिलावा फुगला, मग पोपडा पडला, मग धुळीतून ड्रिलचं टोक बाहेर आलं आणि मागे गेलं. मी वाकून भोकाला डोळा लावला. पलीकडून दादाचा डोळा.

"बघतोस काय बारक्या, वायर सोड."

मी वायर सोडली. पलीकडून तो ओढत होता आणि मी सोडत राहिलो, लागणार होती त्याहून कितीतरी जास्त.