धुराची हद्द कुठवर?

कोपरगावची माणसं समुद्रावर पाय भिजवायला जातात. आम्ही गेलो सुनावणीला, आणि जायचं ठरवलं आईनं.

माझी ताई अलिबागजवळच्या एका गावात राहते. बंदरात जागा मिळेपर्यंत मोठी जहाजं तिच्या गावासमोर नांगर टाकून धूर ओकत असतात. ताईच्या लेकीला, चिऊला, दम्याचा त्रास. किनाऱ्यालगत जहाजांनी स्वच्छ इंधनच जाळायचं, असा नियम येऊ घातलाय. पण त्याची आखलेली हद्द या उभ्या जहाजांच्या अलीकडेच संपत होती. "सुनावणीत बोलायचंय, पण धीर होत नाही," ताई फोनवर म्हणाली. आई मला म्हणाली, "गाडी काढ."

संगमनेर, आळेफाटा, माळशेज घाट असा रस्ता. पहाटेच निघा, आळेफाट्याला पोटभर मिसळ खा, कारण पुढे कल्याणची गर्दी जीव खाते. मागच्या सीटवर आईचे भिजवलेले गहू आणि सोऱ्या. साखर कारखान्याचं गाळप संपेपर्यंत आमच्याकडे गच्चीवर वाळवण घालत नाहीत, काजळी पडते. "तिकडं कुठं हाय कारखाना? कुरडया तिथंच घालते," आईचा हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी ताईच्या गच्चीवर धुतलेल्या धोतरावर कुरडया पडल्या. दुपारी समुद्राकडून वारा सुटला. संध्याकाळी बघतो तर सगळीकडे काळे ठिपके. आईनं एक ठिपका बोटानं चोळला. "ही तर कारखान्याचीच काजळी!"

"आई, इथला कारखाना पाण्यात आहे," ताईनं जहाजांकडे बोट दाखवलं.

"आमचा निदान पावसाळ्यात बंद तरी ऱ्हातो. ह्यो बारा म्हैनं?" आई जाम भडकली. मलाही तेव्हा पहिल्यांदाच खरा राग आला.

सुनावणीला हॉल भरलेला, पण बोलायला कोणी उठेना. ताई उठली. समोरच्या जहाजांचा धूर आणि चिऊचा दमा तिनं सांगितला.

"उभ्या जहाजाचं मुख्य इंजिन बंद असतं," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

"पण विजेसाठीची इंजिनं चालूच असतात ना? तो धूर आमच्या घरात येतो. हद्द त्या जहाजांच्या पलीकडे न्या."

"तिथली नांगराची जागा उद्या बदलली तर?"

"तर हद्दही बदला."

मग आई उभी राहिली. साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही इथल्या रहिवासी का?"

"न्हाई. पर माझी नात हितं श्वास घेती."

त्यानंतर गावकरी एकामागून एक उठले. साहेबांनी म्हणणं लिहून घेतलं आणि पुन्हा सुनावणी ठेवली. हद्द मात्र अजून होती तिथंच आहे.

परतल्यावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "कसा वाटला समुद्र?"

"बघायला सवड कुठं हुती?" आई म्हणाली. "पुन्हा जायचंय. हद्द सरकू दे, मग निवांत बघीन."