सहा इंची पुली

मी जात्याच हट्टी. आई म्हणायची, "याच्या डोक्यात एकदा शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही." ती हे कौतुकानं म्हणत नसे. पण या हट्टाचा आयुष्यात एकदा धड उपयोग झाला, तो बहात्तर सालचा पाऊस बुडाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

तेव्हा मी श्रीरामपूरजवळच्या एका खेड्यात, दूध थंड करण्याच्या केंद्रावर मशीन चालवायला होतो. आसपासच्या वस्त्यांवरचे लोक सायकलीला कॅन अडकवून सकाळ-संध्याकाळ दूध आणत. आम्ही ते तपासून, मोजून, बर्फाच्या पाण्यावर थंड करायचो आणि संध्याकाळी टँकरनं मोठ्या डेअरीला पाठवायचो. बर्फासाठी अमोनियाचा कॉम्प्रेसर होता. त्याचं छातीएवढं चाक, शेजारी मोटर आणि दोघांमध्ये पट्टे. या मशीनला दोनच गोष्टी येत: जिवाच्या आकांतानं पळायचं, नाही तर बंद राहायचं. मधलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

हे मशीन दुधातली उष्णता ओढून घेऊन बाहेरच्या नळ्यांत सोडी, आणि त्या नळ्यांवर विहिरीचं पाणी सोडून आम्ही त्या गार ठेवायचो. आता विहिरीनंच तळ गाठला होता. हौदात उरलेलं तेच ते पाणी आम्ही फिरवत राहायचो आणि दुपारपर्यंत ते अंघोळीला चालेल इतकं तापायचं. नळ्या तापल्या की आतला दाब चढायचा, काटा लाल रेघेला टेकायचा आणि मशीन खट्‌कन बंद पडायचं. ते निवेपर्यंत वाट पाहायची, पुन्हा बटण दाबायचं, पुन्हा पाव तासात खट्. अशानं बर्फ कुठून होणार? दोन टँकरांचं दूध डेअरीच्या दारातून फाटलं म्हणून परत आलं. ते आम्ही गटारात ओतलं.

मग जिल्ह्याहून पत्र आलं. आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. आणखी एक टँकर परत आला तर केंद्र बंद. दूधवाल्यांनी त्यांचं दूध पुढच्या केंद्रावर न्यावं. पुढचं केंद्र बारा मैलांवर होतं. त्या उन्हात सायकलवरून बारा मैल गेलेल्या दुधाचं काय होतं ते सांगायला आयटीआय व्हावं लागत नाही. शेत करपलेलं, विहीर आटलेली, घरात पैसा यायचा तो या दुधाचाच.

त्याच दुपारी एक मावशी दारात बसली होती. सकाळी सोडून गेलेला रिकामा कॅन न्यायला आली होती. दोन म्हशी राखणारी, तोंडानं फटकळ. मशीन तिच्यासमोर तीनदा बंद पडलं. ती म्हणाली, "भर उनात बैल पळिवला तर बसनारच की. सावकाश हाकावा, पोचतो."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मशीन सावकाश चाललं तर ते उष्णता कमी फेकेल, तेवढी त्या कोमट पाण्यालाही झेपेल, काटा लाल रेघेच्या खाली राहील. थोडं थोडं का होईना, पण दिवसभर न थांबता बर्फ होत राहील. मोटरचा वेग बदलता येत नव्हता, पण तिच्यावरची, पट्टे फिरवणारी पुली बदलता येत होती. नऊ इंचांच्या जागी सहा इंचांची बसवली की चाकाचा वेग एक तृतीयांशानं उतरणार.

आज दुकानदार एसीकडे बोट दाखवून सांगतो, "काका, हा गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करतो." मी नुसती मान हलवतो. आम्हाला वेग बदलायचा तर तासभर पाना फिरवावा लागे आणि त्याआधी साहेबांशी भांडावं लागे.

साहेब वाईट नव्हते, पण छापील कागदावर त्यांची फार श्रद्धा. "पुस्तकात वेग दिलाय," ते म्हणाले. "कमी केलास तर तेलाचा पंपही सावकाश फिरेल. तेल वर चढलं नाही तर मशीन जळेल."

"तेलाच्या काट्यासमोर मी बसून राहतो. काटा पडला तर तिथंच बंद करतो."

"आणि जळलं तर?"

"जबाबदारी माझी."

"तुझ्या जबाबदारीला काय चाटायचंय?" ते म्हणाले. "केंद्र बंद झालं तर तूही घरी आणि मीही घरी."

"काही केलं नाही तरी घरीच जाणार आहोत, साहेब."

हे मी जरा मोठ्या आवाजात बोललो. लहान तोंडी मोठा घास होता, आणि मला त्याचा अजूनही पश्चात्ताप नाही. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत."

मी जुन्या पुलीचं माप घेऊन श्रीरामपूरची एसटी पकडली. तिथं लेथवर काम करणारे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. भंगाराच्या ढिगातून त्यांनी पिठाच्या गिरणीची एक सहा इंची पुली काढली, मोटरच्या दांड्याच्या मापानं तिचं भोक वाढवलं आणि खाच पाडली. "मशीन हळू करायला आलेला तू पहिलाच," ते म्हणाले. "इथं जो येतो त्याला पळवायचंच असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध होतं तेवढ्या बर्फावर कसंबसं थंड केलं आणि मी पाना हातात घेतला. पुली लहान झाल्यानं पट्टे ढिले पडले, म्हणून मोटर मागं सरकवून पुन्हा आवळली. बटण दाबलं. एरवी धडधडणारं चाक जडपणे, मोजून पावलं टाकल्यासारखं फिरू लागलं. तेलाचा काटा थरथरत वर आला आणि रोजच्या खुणेच्या थोडा खाली थांबला. दुसरा काटा, दाबाचा, चढत चढत लाल रेघेच्या बोटभर अलीकडे आला आणि तिथंच राहिला. मी स्टूल ओढून दोघांसमोर बसलो. बारा वाजले, दोन वाजले, मशीन थांबलं नाही. चार वाजता बर्फाच्या पाण्याच्या टाकीत पाहिलं तर तिच्या आतल्या नळ्यांवर बोटभर जाड बर्फ. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना चक्क हाताला धरून ओढत आणलं.

पाच वाजले. दूध आलं नाही. साडेपाच झाले तरी फाटकातून एकही सायकल आत आली नाही. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "अर्धाच टँकर पाठवू का आता?" ते म्हणाले. "आगीतून फुफाट्यात घातलंस मला."

साहेबांना तेलाच्या काट्यासमोर बसवून मी सायकलवर टांग मारली. रस्त्याच्या वळणावर, बाभळीखाली, तीसेक माणसं कॅन घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत त्यांना सवय पडलेली: या वळणावर मशीनची धडधड ऐकायची, मग पुढं यायचं. आवाज नसेल तर दूध परत न्यायचं. आज त्यांना धडधड ऐकू आली नव्हती, नुसतं कण्हणं ऐकू आलं होतं. काहीजण तर खव्याच्या भट्टीकडे वळलेही होते.

मी घसा फोडून सांगितलं. कोणी ऐकेना. एकजण म्हणाला, "मशीन शेवटच्या घटका मोजतंय, आन् हे सांगतंय बरं हाय म्हनून."

त्यात मावशीही होती. मी तिला म्हणालो, "मावशी, तूच नाही का म्हणालीस, सावकाश हाकावा?"

"म्या बैलाचं म्हनलं हुतं," ती म्हणाली. "बैल मला कळतो. तुजं मशीन मला कळत न्हाई."

आता मात्र मी हट्टाला पेटलो. तिचा कॅन उचलला आणि माझ्या सायकलला अडकवला. ती शिव्या देत मागोमाग आली, आणि तिची फजिती बघायला बाकीचेही निघाले.

मी तिला थेट टाकीशी नेलं. "हात घाल."

तिनं बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं लाल झाली होती. ती आधी हाताकडे बघत राहिली, मग मशीनकडे. "लई गार हाय," ती इतरांना म्हणाली. "माजं वता आधी."

एकेकजण येऊन टाकीत हात घालून गेला. साहेब स्टुलावरून बघत होते. अंधार पडायच्या आत दूध थंड होऊन टँकर निघाला. तो दिसेनासा होईपर्यंत मी फाटकाशी उभा राहिलो. डेअरीच्या दारात तपासणीला काय होईल ते माझ्या हातात नव्हतं.

सकाळी ड्रायव्हर यायच्या आधीच सगळे फाटकाशी जमले होते. दूध परत आलं असेल तर टँकर भरलेला असणार. तो लांबूनच खड्ड्यांतून उड्या मारत, खडखडत येताना दिसला. भरलेला टँकर अशा उड्या मारत नाही. तरी मी ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत थांबलो, वर चढलो, झाकण उघडलं आणि आत डोकावलो. आत थेंब नव्हता.

मी खाली उतरलो. साहेबांनी डेअरीची चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मी टँकरच्या चाकाला टेकून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.

मावशी गर्दीतून पुढं आली आणि तिनं कॅन माझ्या पायाशी ठेवला.

"रडतूस काय," ती म्हणाली. "दूध तापाया लागलंय माजं. घे आधी."