खाटेचा ब्रेक

घरातल्या लाकडी खाटेवर बसण्याआधी मावशी उजव्या पायाच्या चवड्यानं तिचा खूर हलकेच दाबायच्या. त्या खाटेला चाकं नव्हती, ब्रेक तर नव्हताच. पण अर्धं आयुष्य हाडांच्या वॉर्डात आया म्हणून गेलं होतं. चाकांच्या खाटेचा ब्रेक चवड्यानं दाबायचा, मगच पेशंटला हात लावायचा. खाट हलवायची झाली की तोच ब्रेक पायाच्या बोटांनी वर उचलायचा. हे अंगात इतकं मुरलं होतं की घरीही पाय आपसूक जायचा. सून नवी असताना बघतच राहिली होती.

"काय बघतेस? खाट पळाली तर तू आणणारेस का पकडून?"

साऱ्या हॉस्पिटलच्या त्या मावशी. सून तोंडावर 'आई' म्हणायची, मनात मात्र तीही मावशीच म्हणायची. नवरा कामासाठी बाहेरगावी असे. घरात या दोघीच.

दुखणं कमरेत सुरू झालं आणि हळूहळू पायात उतरलं. मावशी पट्टा बांधून कामावर जात राहिल्या. मग एके दिवशी कुरकुरत घरी आल्या. वॉर्डातल्या खाटांचे ब्रेक अडकायला लागलेत, तेल घाला म्हणून सांगून तोंड दुखलं. दोन दिवसांनी मेकॅनिकनं तेल घातलं, तरी तेच. शेवटी त्यानं स्वतःच्या पायानं ब्रेक उचलून दाखवला. "अलगद उठतोय, मावशी. तुमचा पाय दाखवा कुणाला तरी."

हे सांगताना मावशी हसल्या. सून हसली नाही. त्यांच्या उजव्या चपलेचं टोक घासून पांढरं पडलेलं तिनं आधीच पाहिलं होतं.

एमआरआय झाला. डॉक्टर शिकाऊ होते तेव्हापासून मावशी त्यांना ओळखत होत्या. त्यांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली.

"हे मणके, एकावर एक. मधल्या या चकत्या. वरच्या दोन झिजल्यात, पण त्यांचं मनावर घेऊ नका. या वयात कुणाचाही फोटो काढला तरी तेवढं दिसतंच. ही खालची मात्र मागे सरकून शिरेवर बसलीय."

"मग आता?" सुनेनं विचारलं.

"नुसतं दुखत असतं तर गोळ्या, व्यायाम, थोडं चालणं-फिरणं, एवढ्यावर थांबलो असतो. बहुतेकांना तेवढ्यानं उतार पडतो. इंजेक्शननं ठणका कमी होईल, पण शीर मोकळी होणार नाही. आणि पायातली ताकद चाललीय. म्हणून म्हणतो, ऑपरेशन करून घ्या. उशीर झाला तर ती परत येईलच असं नाही."

"ऑपरेशन झालेले मी रोज बघते, साहेब. कण्हत परत येतात."

"तुम्हाला परत आलेलेच दिसणार ना, मावशी. बरे झालेले कशाला येतील वॉर्डात?"

"एखादा तरी आला असता भेटायला. म्हणाला असता, बघा मावशी, चालतोय."

डॉक्टर काचेवरची फिल्म काढून पाकिटात घालू लागले. सुनेला वाटलं, याचं उत्तर आहे. पण ते मावशींना तोंडावर सांगण्यासारखं नाही.

मावशींनी फक्त इंजेक्शन घेतलं. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही."

"हे मीच सांगते सगळ्यांना."

ठणका खरंच ओसरला. पाय घासतच होता, पण मावशींनी मागे पट्टा असलेल्या चपला आणल्या आणि विषय संपवला. चादरींच्या खोलीत हलकं काम देऊ केलं, तर म्हणाल्या, "घड्या घालत बसायला मी काय म्हातारी झाले?" आणि पुन्हा माणसं उचलायला लागल्या.

एक जाडजूड पेशंट खुर्चीत बसवताना निसटला. मावशींनी त्याला पडू दिलं नाही. त्या दिवशी घरी आल्या त्या थेट खाटेवर आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

"आई, बरं आहे ना?"

"सगळं बरंय. तू आवर. दुकान कोण उघडणार?"

ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानाची किल्ली तिच्याकडेच असायची. ती गेली. संध्याकाळी पुन्हा नळ वाहत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी खुर्चीवर बसल्या आणि काहीतरी कडकन मोडलं. सुनेनं वळून पाहिलं. मावशीही इकडेतिकडे पाहत होत्या, आवाज कुठून आला म्हणून. त्या स्वतःच्याच चष्म्यावर बसल्या होत्या.

"कधीपासून, आई?"

"परवापासून."

"सांगितलं का नाही?"

मावशींनी चष्म्याची मोडकी दांडी हातात घेतली. "माझ्याच वॉर्डात, माझ्याच पोरी मला लघवीची नळी घालणार. पडद्याआड किती जणींना मी म्हटलंय, लाजू नका म्हणून."

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. ठणका गेला. बाकी काही परत आलं नाही; पायही उभं राहू देईनात. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "शिरा मोकळ्या झाल्यात. पण जाग्या होतील की नाही, ते फोटोत दिसत नाही."

नोकरी सुटली, नळी राहिली. वॉर्डातल्या पोरींनी मोडीत निघालेली एक चाकांची खाट घरी पोचवली. आता तिचा ब्रेक सून दाबायची, आणि मावशी पडल्या पडल्या तिला शिकवायच्या.

"कमरेतून वाकू नकोस. गुडघे वाकव. मला अंगाशी धर, ओझं लांब धरलं की कंबर गेलीच."

"तुम्ही असंच उचलायचात?"

"मला कुठं वेळ होता?"

एकदा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. हातातली चष्म्याची डबी खाली पडली, तर कमरेत वाकून त्यानं ती सहज उचलली. म्हणाला, "पाठीचं ऑपरेशन झालंय माझं, खरं वाटणार नाही. मीच विसरून गेलोय. इथल्याच हॉस्पिटलात. एक मावशी होत्या तिथं, फार ओरडायच्या." सुनेनं त्याच्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करून दिले. घरी गेल्यावर ती यातलं काहीच बोलली नाही.

दिवस जात राहिले. सून उठताना कमरेवर हात ठेवू लागली.

"एक फोटो काढून घे," मावशी म्हणाल्या.

"मला काही झालेलं नाही. सगळं बरंय."

दोघींनाही तो आवाज ओळखीचा वाटला. मावशींनी भिंतीकडे तोंड केलं.

नळीमुळे ताप यायचा, औषधानं उतरायचा. एकदा आला तो उतरला नाही. दुपारी सून चादर बदलायला आली. गुडघे वाकवून तिनं मावशींना अंगाशी धरलं. डोळे मिटलेलेच होते. हात मात्र तिच्या खांद्यावर आला, आणि मावशी म्हणाल्या,

"ब्रेक लावलास का ग?"