वन्संची रेघ

‘आई, आत्या गेली,’ मुलाने इस्पितळातून फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि उघडं कपाट हळूच लावलं. आमच्या घरात दार आपटायला बंदी... ती वन्संचीच.

माझ्या या नणंदेने, सुधावन्संनी, कॉलेजातली नोकरी सांभाळून घरामागच्या सड्यावर कातळात खड्डा खणवला आणि एका सरकारी खात्याकडून मागून आणलेला भूकंपमापक त्यात बसवला. जगात कुठे चोरून अणुचाचणी झाली, तर जमिनीतून येणारी थरथर आपली आपल्याला वाचता यावी, वाचणारी मुलं इथेच तयार व्हावीत, हा हट्ट. मी तेव्हा नवी नवरी, अकलेने बेताची. बॉम्ब पकडणारं यंत्र कधीतरी फुटणारच, म्हणून त्या बाजूला कपडेसुद्धा वाळत घालत नसे! भीती गेल्यावर स्वयंपाकघरात मुद्दाम उड्या मारायचे. कागदावरची रेघ हलली की खोलीतून हाक, ‘वहिनी! हा भूकंप नव्हे, स्फोटही नव्हे, ह्या तुम्ही!’

‘ओळखता कशा हो?’

‘स्फोट चहूकडे नुसता ढकलतो. भूकंप ढकलतो नि मग गदागदा हलवतो.’

‘मग तुमचे दादा मला सकाळी उठवतात, तो भूकंपच.’

शिमग्यात पालखी नेमकी खड्ड्याशेजारी नाचायची. ढोल, एवढे पाय... रेघेची नुसती गिचमिड. वन्सं गावकऱ्यांकडे गेल्या. त्यांनी रीतीप्रमाणे देवाला कौल लावला, उजवी कळी पडली आणि पालखी पलीकडून वळली. देवाने एका सकाळीत हो म्हटलं. त्या खात्याच्या वरच्या ऑफिसातून मात्र, एक पगारी माणूस द्या एवढ्याच मागणीला, जन्मभर ‘विचाराधीन’. एकदा एक साहेब आले. शहाळं पिता पिता म्हणाले, ‘बाई, त्या अणुचाचणीबंदीच्या करारावर आपल्या देशाची सहीच नाही. ऐकायचं कशाला?’

‘सही नाही म्हणून कान नकोत? उद्या कुणी स्फोट केला, तर दुसऱ्याने सांगायचं नि आपण मान डोलवायची?’

साहेबांनी खोबरं काढून मागितलं.

शिकवलेल्या मुली हुशार निघाल्या, तिथेच घोळ झाला. इथे जागा नाही, म्हणून परदेशात गेल्या, दुसऱ्यांसाठी ऐकायला. वन्सं पुढची मुलगी शिकवायला घेत. चिडायचे मी. अजून चिडते.

वन्सं गेल्या, तरी यंत्र चालूच आहे. रेघ आता पडद्यावर उमटते. काल स्वयंपाकघरात, गुडघे सांभाळत, एक उडी मारली आणि थांबले... हाक आली नाही. खोलीत जाऊन पाहिलं. माझी थरथर मला ओळखता आली. तिच्यामागे आणखी एक होती, बारीक, लांबून आलेली. ती कशाची, हे सांगणारं घरात कुणी नाही.