मोतीरामभाऊंची झाडं आणि भाच्याची वीज

सौसरजवळच्या आमच्या बोरगावात एक रीत आहे. संत्र्याचं झाड ज्यानं लावलं, त्यानं त्यावर कुऱ्हाड चालवायची नाही. शेजाऱ्याला बोलवायचं. माझे शेजारी मोतीरामभाऊ आणि त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून बगीचा असलेला कवडू आयुष्यभर एकमेकांची वाळलेली झाडं तोडत आले.

मोतीरामभाऊंनी ही रीत एकदाच मोडली, भाच्यासाठी. अभिजीतला त्यांनीच घरी ठेवून शिकवलं. तो अणुवीज प्रकल्पात इंजिनिअर झाला. त्या प्रकल्पाची मोठी लाइन आमच्या बगीच्यांवरून जायची होती आणि तिच्याखालची झाडं काढावी लागणार होती. गाव तयार होईना, तेव्हा अभिजीत आला.

"मामाजी, बाहेरच्या तेलावर अन् गॅसवर देश किती वर्षं काढणार? ही आपली स्वतःची वीज आहे. अन् लाइन झाली की बोरगावच्या मोटरी दिवसा चालतील."

मोतीरामभाऊंनी हे ग्रामसभेत सांगितलं. कोणी हललं नाही. मग त्यांनी घरून कुऱ्हाड आणली आणि स्वतः लावलेली झाडं स्वतःच्या हातानं आडवी केली. ते पाहून कवडूनं झाडं दिली आणि त्याच्यामागून सगळ्यांनी.

लाइन सुरू झाली. मोटरीची वीज मात्र रात्रीचीच राहिली. कवडू धुऱ्यावरून ओरडायचा, "भाऊ, तुमच्या भाच्याची वीज वरच्या वर चालली गा! पकडाले शिडी आणू का?"

दिवाळीला अभिजीत आला तेव्हा मी मोतीरामभाऊंच्या ओसरीवरच बसलो होतो.

"दिवसाची लाइट कधी येते बापू?" मोतीरामभाऊंनी विचारलं.

"मामाजी, ती लाइन शहरांसाठी आहे. गावाला वीज देणारा फीडर आमच्याकडे नाही."

"हे तुले तवाच माहीत होतं?"

अभिजीतनं चहाचा कप खाली ठेवला. "होतं. पण नुसतं देशाच्या नावानं कोणी झाडं दिली असती?"

"मी देल्ली असती. मले खोटं काऊन सांगितलं? अन् माह्या तोंडून साऱ्या गावाले?"

निघताना अभिजीत पाया पडायला वाकला. मोतीरामभाऊंनी पाय मागे घेतले. अभिजीतचं उत्तर गावभर झालं आणि कवडूची थट्टाही थांबली.

देशाला अशी वीज पाहिजेच, असं ते आजही म्हणतात. ग्रामसभेला मात्र ते येत नाहीत.

मागच्या महिन्यात कवडूचं एक झाड वाळलं. मोतीरामभाऊ कुऱ्हाडीला धार लावून धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. कवडूनं तोडायला मोहगावहून माणूस आणला होता. झाड पडेपर्यंत कवडूनं मोतीरामभाऊंकडे पाहिलं नाही.